आधी माप पालथं करा

आये,

तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तुला हे कोण वाचून दाखवणार? तरी लिहायला बसले आहे, कारण आज माझं डोकं फिरलंय. शहापूरला मोबाइलच्या दुकानात गेले होते. नव्या मोबाइलमध्ये कंपनीने आपल्या मर्जीने काय काय भरून ठेवलंय, ते काढून दे म्हटलं, तर दुकानदार म्हणाला, ते निघत नाही, ते कंपनीचं असतं. म्हटलं, मोबाइल कोणाचा? म्हणाला, तुमचाच की. मग माझ्या मोबाइलमध्ये कंपनीचं बिऱ्हाड कशाला? तो हसला, शेजारी उभा असलेला माणूसही हसला, आणि मला एकदम तू आठवलीस. शेणव्याच्या बाजारात शेटच्या मापात कोपरापर्यंत हात घालून उभी असलेली तू. तुलाही लोक असेच हसायचे.

मोहाची फुलं सुकवून आपण शेणव्याला न्यायचो. मी आश्रमशाळेतून सुट्टीला आलेली असायचे. माझ्या डोक्यावर छोटं गाठोडं, तुझ्या डोक्यावर मोठं. व्यापारी मापाने घ्यायचा. त्याचं ते पत्र्याचं माप हाताळून हाताळून काळं पडलेलं. तो भरायला बसला की तू आधी म्हणायचीस, "शेट, माप पालथं करा." दरवेळी. तो पालथं करायचा, तू बुडावर टिचकी मारायचीस, मग सरळ करून आत हात घालायचीस आणि बूड चाचपायचीस. बूड वर चढवलेलं नाही ना, आत काही चिकटवलेलं नाही ना, बघून झालं की म्हणायचीस, भरा. एकदा बाजाराला तोबा गर्दी होती आणि शेट वैतागला. चारचौघांत म्हणाला, माझ्यावर विश्वास नाही का तुझा? तू म्हणालीस, "तुमच्यावर हाय. माप पालथं करा." त्याने नाही केलं. तू गाठोडं परत बांधलंस, मला दंडाला धरून उठवलंस आणि आपण चालायला लागलो. मागून तो जास्त देतो म्हणून हाका मारत होता. तू मान वळवली नाहीस.

मग घरी मोहच मोह. उकडलेला मोह, भाजलेला मोह, नाचणीच्या भाकरीबरोबर मोह. तेल आलं नाही, मीठ शेजारून मागून आणलं, मला शाळेसाठी चप्पल घ्यायची होती ती राहिली. मी चुलीपुढे बसून भुणभुण लावली, एकदा नसतं बघितलं माप तर काय बिघडलं असतं? तू फुंकणी बाजूला ठेवलीस. धुराने तुझे डोळे लाल झाले होते, का रागाने, ते मला तेव्हाही कळलं नाही. "आज नाय बघितलं," तू म्हणालीस, "तर उद्या बघायला तोंड कुठलं ऱ्हानार?" आणि परत फुंकणी तोंडाला लावलीस. पुढच्या बाजाराला तू बोलायच्या आत शेटने माप पालथं केलं, तोंड वाकडं करून का होईना. तू तरी हात घातलासच. त्या दिवशी मला तू जरा अतीच वाटली होतीस.

शाळा संपल्यावर मी मुरबाडला कम्प्युटर शिकायला निघाले, तेव्हा तू मला बांबूच्या पेराचं माप दिलंस. घरातले तांदूळ त्याच मापाने निघायचे. वरची कड तुझ्या हाताने गुळगुळीत झालेली. मी म्हटलं, तिथे मी मावशीकडे जेवणार, मला कशाला? तू म्हणालीस, असू दे, आपलं माप आपल्याजवळ असावं. ते अजून माझ्या टेबलावर आहे. त्यात पेन असतात, दोन स्क्रू ड्रायव्हर असतात, आणि एक प्लास्टिकची काडी आहे, तिची गोष्ट पुढे सांगते. पुढच्या वर्षी तू गेलीस. त्याबद्दल आज लिहीत नाही. तो राग वेगळा आहे.

तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी तो वनहक्काचा कायदा आला. जंगलातली जी जागा आपण पिढ्यान्‌पिढ्या कसतो, ती मोजून आपल्या नावावर करून देणार म्हणे. ज्या जागेवरून तुला जंगलखात्याच्या गार्डाने हाकललं, तुझा कोयता उचलून नेला, तीच जागा. मी तेव्हा शहापूरला एका संघटनेच्या ऑफिसात कम्प्युटरवर काम करत होते, आणि पाड्याने मला वनहक्क समितीवर घेतलं होतं. प्रत्येक मोजणीवर समितीची सही लागायची. मोजणीला एक साहेब आला, तरुणच होता, स्वभावाने चांगला. त्याच्या गळ्यात तळहाताएवढा कम्प्युटर. त्याच्या पडद्यावर प्लास्टिकच्या काडीने टोचायचं. आपण कुठे उभे आहोत ते त्या यंत्राला वरच्या उपग्रहांवरून कळतं. ते हातात धरून जागेच्या कडेने चालायचं, चालता चालता ते ठिपके टाकत जातं, आणि ठिपके जोडले की झाली हद्द तयार. मला तर फार आवडलं ते. दादा पुढे, साहेब मध्ये, मी मागे, असे आम्ही तुझ्या बांधावरून चाललो. नाचणीचा उतार, वरईचा उतार, मग खालचा कोपरा, जिथे झरा आहे, जिथे तू भाताचा राब भाजायचीस आणि रोपं करायचीस. तिथे आपला वाघोबा. शेंदराचा दगड आला तसा दादा थांबला, चपला काढल्या, चार दाणे वाहिले, एक विडी पेटवून दगडापुढे ठेवली. आम्ही सगळे बसलो. साहेबही बसला. मग उठून पुढे चाललो.

काही दिवसांनी नकाशाचा कागद आला आणि त्यात कोपरा नव्हता. उतारावरून येणारी रेघ सरळ कापत पलीकडच्या बांधाला गेली होती. झरा बाहेर, राबाची जागा बाहेर, वाघोबा बाहेर. तुला माहीत आहे, त्या सगळ्या जागेत भाताला धड माती आहे ती तेवढीच. बाकीचा सगळा दगड. मी साहेबाला कागद दाखवला, म्हटलं, हा कोपरा कुठे गेला? तो म्हणाला, सिस्टिममध्ये एवढंच येतंय ताई. म्हटलं, तुम्ही पण चाललात ना कोपऱ्यावरून, वाघोबापाशी आमच्याबरोबर बसलात ना? म्हणाला, चाललो की, बसलो की, पण मी काय करू, मशीन सांगेल ते. मग मशीनने टाकलेले ठिपके दाखवा म्हटलं, तर ते दिसत नाहीत, फक्त शेवटचा आकडा दिसतो, आतलं सगळं कंपनी लॉक करून देते. आणि गंमत अशी की खालच्या गावातल्या लोकांच्या मोजण्या बरोबर आल्या होत्या. आपल्याच पाड्यातल्या जागा तेवढ्या कमी. प्रत्येकाचा कुठला ना कुठला कोपरा उडालेला.

मी सही करत नाही म्हटलं. घरात त्यावरून रण पेटलं. दादा वाईट नाही आये, तुला माहीत आहे, पण त्याने गार्डाच्या काठ्या खाल्ल्यात, त्याला भीती होती की सगळंच हातचं जाईल. "सही कर गो बाय," तो म्हणाला, "कोपऱ्यासाटी सगली जागा घालवशील." वहिनी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. ताट पुढे सरकवायची, तोंड फिरवायची. मी जेवले आणि सही केली नाही. ऑफिसातून त्या कंपनीला फोन लावला. तिकडे एक मुलगी गोड आवाजात बोलत होती. म्हणाली, मॅडम, मोजायची पद्धत ही आमच्या कंपनीची मालमत्ता आहे, ती दाखवता येत नाही, आणि मशीन उघडायचा प्रयत्न केलात तर करार मोडल्यासारखं होईल. मी तिला म्हटलं, बाई, जमीन आमची, पाय आमचे, चाललो आम्ही, आणि मोजलं कसं ते तुमची मालमत्ता? असलं माप घेऊन आमच्या शेणव्याच्या बाजारात बसून दाखव. तिला काही कळलं नाही. सॉरी म्हणाली.

मग मला मुरबाडचे सर आठवले, ज्यांनी मला कम्प्युटर शिकवला. वर्गात ते एक गोष्ट फार उत्साहाने सांगायचे. जगात असे लोक आहेत जे प्रोग्रॅम लिहितात आणि उघडा ठेवतात. कोणीही वापरा, आत बघा, पटलं नाही तर बदला, बदललेला पुढे दुसऱ्याला द्या. तेव्हा मला वाटायचं, पोटं भरलेल्या लोकांचे चाळे. आता किन्हवलीवरून जीप पकडून मुरबाडला गेले आणि त्यांच्यासमोर नकाशा आपटला. त्यांनी चहा मागवला, मग कपाटातून तसलंच यंत्र काढलं, जुनं, कुठूनतरी मिळवलेलं. त्यांनी मला समजावलं की आपल्याला दिसतो तो प्रोग्रॅम वरचा. त्याच्या खाली कारखान्यातच भरलेला एक मूळ प्रोग्रॅम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. यंत्र चालू झालं की आधी तो जागा होतो आणि आत कोणाला घ्यायचं ते तो ठरवतो. दारात बसवलेला कंपनीचा राखणदारच तो. त्याला उठवून आपला बसवायचा, म्हणजे यंत्र आपलं. जमलं नाही तर यंत्र मेलं. पहिलं मेलंच. पडदा काळा झाला तो झाला. सरांनी ते शांतपणे उचलून उडणाऱ्या कागदांवर ठेवलं आणि म्हणाले, दुसरं बघू.

दुसरं जागं झालं. आये, त्या क्षणी मी जी ओरडले, शेजारच्या वर्गातली पोरं धावत आली. पडद्यावर कंपनीचं चित्र नाही, नुसत्या पांढऱ्या अक्षरांच्या ओळी वर सरकत होत्या, यंत्र आपण काय करतोय ते एकेक करून सांगत होतं. मग त्यावर मोजणीचा उघडा प्रोग्रॅम घातला. तो सगळा इंग्रजीत होता, मी त्यात मराठी भरली. सुट्टीच्या दिवशी मुरबाडला जायचं आणि त्या ओळी वाचायच्या. सुरुवातीला मुंग्यांची रांग बघितल्यासारखं वाटायचं. मग हळूहळू कळायला लागलं, इथे ठिपका घेतोय, इथे ठिपके जोडतोय, इथे जागेचा आकडा काढतोय. बूड चाचपायला मिळालं एकदाचं.

साहेबाला निरोप धाडला, तुमचं यंत्र घेऊन या, माझं माझ्याकडे असेल, बरोबरीने चालू. तो आला. त्यालाही कुतूहल असावं, नाहीतर कशाला येतोय. परत तीच वाट, परत वाघोबा, परत दादाच्या चपला निघाल्या, दाणे, विडी, आम्ही बसलो. मी माझ्या पडद्याकडे बघत होते. आम्ही बसलो होतो आणि ठिपके पडतच होते, एक इकडे, एक तिकडे, दगडाभोवती दाणे सांडावेत तसे. यंत्राला काय माहीत आपण बसलोय. घरी येऊन दोन्ही आकडे बघितले. माझ्यात कोपरा होता, त्याच्यात नव्हता. मग मुरबाडला सरांनी आणि मी माझ्यातले त्या ढिगातले ठिपके काढून टाकले, ढिगाच्या पुढचे-मागचेही काढले, उरलेले सरळ जोडले. आकडा साहेबाच्या आकड्याला जाऊन टेकला. पाड्यातल्या आणखी दोन जागांवर करून बघितलं, तिथेही तसंच. आपल्या पाड्यात प्रत्येकाच्या बांधावर कुठला ना कुठला देव आहे, खालच्या गावात कोणाच्या बांधावर नाही, तिथे कोणी बसत नाही, म्हणून त्यांच्या मोजण्या नीट.

म्हणजे कोणी आपली जागा चोरली नव्हती. कुठल्यातरी शहरात प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला वाटलं, ठिपके एका जागी गोळा झाले म्हणजे यंत्राचा गोंधळ झाला, तेवढा भाग टाकून द्या. माणूस बांधावर देवाला बसतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. चूक आहे, चूक कोणाचीही होते, माझ्या तर रोज होतात. पण माझ्या चुकीत कोणीही हात घालून बघू शकतो. यांच्या चुकीवर झाकण ठोकलेलं, आणि झाकण उघडलं तर आपणच गुन्हेगार. याची मला तेव्हा चीड आली होती आणि अजून येते. आज त्या दुकानात आली ती हीच.

साहेबाने यावर सोपा उपाय सुचवला. म्हणाला, मग देवापाशी थांबू नका ना ताई, न थांबता चालत गेलात की आकडा बरोबर येईल. दादासुद्धा म्हणाला, मोजणी झाल्यावर येऊन बसू. सगळ्यांना वाटलं, मिटलं. आणि आये, मला तुझा तो चुलीपुढचा चेहरा दिसला. मी म्हटलं, वाघोबाला टाळून आम्ही यंत्राची मर्जी राखायची? देव आहे तिथेच राहील आणि आम्ही बसणार म्हणजे बसणार. प्रोग्रॅम बदला. साहेब म्हणाला, तो कसा बदलणार? म्हटलं, तुमचा नाही बदलत ना? माझा बदलतो. पुढच्या रविवारी मी त्यात एक बटण घातलं. दाबलं की ठिपके थांबतात, उठल्यावर परत दाबलं की चालू. त्या बटणावर लिहिलं, 'देवाला बसलो'. सर हसून हसून लाल झाले. आणखी एक गोष्ट घातली. वगळलेला ठिपका फेकायचा नाही, बाजूला ठेवायचा, आणि का वगळला ते यंत्राने विचारायचं. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही. आणि कोणाच्याही जागेची मोजणी सुरू करायच्या आधी पडद्यावर एक कोरा नकाशा येतो, त्यावर शून्य, आणि तो जमलेल्या सगळ्यांना फिरवून दाखवायचा. ते तुझं.

ग्रामसभेत ठरलं, ज्या मापाचे ठिपके दिसत नाहीत त्यावर समिती सही करणार नाही. तालुक्याला खेटे घातले. आम्हाला आडमुठे म्हणाले, मला तर तोंडावर म्हणाले, कम्प्युटर शिकली म्हणून शिंगं फुटली काय. फुटली म्हटलं. मधे दोन वेळा भात कापून झाला. शेवटी वरच्या साहेबांनी सांगितलं, परत चाला, उघड्या यंत्राचे ठिपके जोडून पाठवा. वहिनीने त्या दिवशी मला स्वतःहून चहा दिला.

आता तुझ्या झाडाबद्दल. कोपऱ्यावरच्या बांधापलीकडे, चार पावलांवर, तुझा मोह. आपण सगळे त्याला आपलाच म्हणत आलो. पण आये, तो बांधाच्या बाहेर आहे. बांध तू घातलास, दगड तू वाहिलेस, आणि झाड त्याच्या बाहेर राहिलं. शेवटच्या मोजणीला यंत्र माझ्या हातात होतं. वाघोबाला बसून उठलो तसा दादा माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "झाडाला वलसा घाल. कोन बघतंय?" कोणीच बघत नव्हतं, साहेब पाणी पीत होता. मला घालता आला असता. माझ्याही मनात होतंच. पण ज्या मापाचं बूड मी सगळ्या तालुक्याला चाचपायला लावलं, त्यात आता माझाच अंगठा कसा घालू? मी बांधाच्या आतून चालले. दादा त्या दिवशी पुढे चालत राहिला, माझ्यासाठी थांबला नाही.

कोपरा मिळाला. झरा मिळाला, राबाची जागा मिळाली, पाड्यातल्या सगळ्यांचे कोपरे मिळाले. ते यंत्र नंतर पलीकडच्या पाड्यांत फिरलं, तिथल्या एका पोरीने त्यात आणखी काय काय सुधारलं, मला विचारलंही नाही, आणि मला त्याचा फार आनंद झाला. आता ते चालत नाही, त्याची काडी तेवढी तुझ्या मापात आहे. झाड अजून बाहेर आहे, फुलं मीच वेचते, त्याला कोणी हरकत घेत नाही. उद्या त्या मोबाइलवाल्याकडे परत जाणार आहे, हसू दे त्याला.

हे पत्र काही मी पेटीत टाकणार नाही, पत्ता काय लिहू? पण एक सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही. आपल्या जागेच्या नकाशात एक वगळलेला ठिपका आहे, बांधाच्या बाहेर, बरोबर तुझ्या मोहाखाली. हिशोबात धरलेला नाही, पण तो तिथे आहे, ज्याला बघायचा त्याला उघडून बघता येतो. यंत्राने विचारलं, का वगळला? मी लिहिलं, पाय घसरला. त्या सगळ्या उघड्या मापात तेवढं एक खोटं आहे. पाय घसरला नव्हता आये, मी मुद्दाम गेले होते.